ओझोन-पेरॉक्साइडच्या प्लांटमध्ये ब्रोमेट होऊच कसं द्यायचं नाही

बोअरच्या पाण्यात सॉल्व्हंटचा वास येतो, कीटकनाशकाचा अंश सापडतो, किंवा प्रक्रिया केलेलं सांडपाणी पुन्हा वापरायचं असतं. कार्बन फिल्टरने भागत नाही, म्हणून कुणीतरी ओझोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी सुचवतो. जोडी चांगली आहे. दोघांच्या भेटीतून तयार होणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल जवळजवळ कुठल्याही सेंद्रिय रेणूला फोडतो. अडचण अशी की पाण्यात ब्रोमाइड असेल तर हाच ओझोन त्याचं ब्रोमेट करतो. एकदा झालेलं ब्रोमेट उकळून जात नाही, हवा मारून जात नाही, जुन्या कार्बनमधूनही आरपार निघून येतं. पोटॅशियम ब्रोमेट कर्करोगाच्या बाबतीत '२ ब' गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिका आणि युरोपातही आकडा तोच.

हा लेख तासाला १० घनमीटरच्या प्लांटचं माप धरून लिहिला आहे. बडोद्यात मकरपुरा, पोर, पादरा रोड या भागांत याच्या आसपासच्या क्षमतेचे प्लांट चालतात. मोठ्या प्लांटला त्याच प्रमाणात गुणून घ्यावं.

आधी ब्रोमाइड मोजा, मग कोटेशन मागवा

बडोद्याला पाणी देणारं आजवा सरोवर आणि महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरी यांचं पाणी गोडं आहे. बोअरचं मात्र तसं नाही. शहराकडून पादरा, तिथून जंबुसर असं खंभातच्या आखाताकडे सरकत गेलं की जमिनीखालचं पाणी खारट होत जातं, आणि समुद्री मिठासोबत ब्रोमाइड येतंच. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड ब्रोमाइडच्या साधारण २९० पट असतं. म्हणून बोअरचा खारटपणा समुद्री असेल तर एक सोपा अंदाज बांधता येतो: क्लोराइडच्या आकड्याला २९० ने भागा. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातल्या (आयएस १०५००) स्वीकार्य मर्यादेवर बरोबर बसणारं पाणी, आणि तरीही त्यात ब्रोमाइड ८६० मायक्रोग्रॅम असू शकतं. 'पाणी मानकात बसतं' या वाक्यावर ओझोनचा प्लांट विकत घेऊ नये, ते यासाठीच. क्लोराइड सांडपाण्यातून आलं असेल तर हा भागाकार चुकेल. त्यामुळे तो फक्त अंदाज म्हणून वापरायचा आणि खरा आकडा लॅबमधल्या आयन क्रोमॅटोग्राफीच्या चाचणीवरून घ्यायचा.

नमुने दोन वेळा घ्या: मे महिन्यात, बोअर सगळ्यात खोल गेलेली असताना, आणि पावसाळ्यानंतर. उन्हाळ्यात टँकर घेत असाल तर टँकरचाही.

आकडा हातात आल्यावर हा हिशेब करा. एक ग्रॅम ब्रोमाइड पूर्ण बदललं तर १.६ ग्रॅम ब्रोमेट होतं. १०० मायक्रोग्रॅम ब्रोमाइडपैकी फक्त सहा टक्के बदललं की १० ची मर्यादा गाठली. म्हणून आमचा ढोबळ नियम असा: ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर नेहमीची काळजी पुरे. ५० ते १५० मध्ये असेल तर खाली दिलेली सगळी पथ्यं पाळा. १५० च्या वर चाचणी घेतल्याशिवाय एक पाइपही टाकू नका. ३०० च्या वर असेल तर सरळ यूव्ही-पेरॉक्साइडकडे (अतिनील प्रकाश आणि पेरॉक्साइड) वळा, त्यात ओझोनच नसल्याने ब्रोमेट होत नाही. नाहीतर आरओ आधी लावा.

आरओवाल्यांसाठी एक इशारा. परमिएट (आरओतून गाळून आलेलं पाणी) बेचव लागतो म्हणून अनेक ठिकाणी कच्चं पाणी बायपासने त्यात मिसळून टीडीएस (विरघळलेले क्षार) वर आणतात आणि मग ओझोन मारतात. आरओने ब्रोमाइड काढण्यासाठी वीज जाळली, आणि बायपासने ते परत आणून ओझोनच्या हवाली केलं! चव वाढवायची तर क्षार विकत घेऊन घाला. परमिएटचा पीएच वाढवायचा असेल तर तोही ओझोननंतरच वाढवा.

ब्रोमेट नेमकं कधी होतं

ओझोन ब्रोमाइडला आधी हायपोब्रोमाइट बनवतो. ही मधली पायरी महत्त्वाची आहे, कारण आपल्या हातात जे काही आहे ते इथेच आहे. कमी पीएचला ही वस्तू हायपोब्रोमस आम्ल म्हणून असते आणि ओझोन तिला जवळजवळ हात लावत नाही. पीएच ८.७ च्या आसपास निम्मी हायपोब्रोमाइट होते, आणि तिच्यावर ओझोन पुढे चाल करून ब्रोमेट बनवतो. पेरॉक्साइड इथे मदतीला येतं: ते हायपोब्रोमाइटला झटकन मागे फिरवून पुन्हा ब्रोमाइड करतं. म्हणजे शर्यत आहे. विरघळलेला ओझोन पुढे ढकलतो, पेरॉक्साइड मागे ओढतं. पाण्यात कुठल्याही ठिकाणी ओझोन जास्त आणि पेरॉक्साइड कमी अशी वेळ आली की ब्रोमेट जिंकलं.

रॅडिकलही ब्रोमाइडला धक्का देतो, त्यामुळे 'पेरॉक्साइड घातलं की ब्रोमेट नाही' हे खरं नाही. थोडंसं पेरॉक्साइड घातलं आणि ओझोन मात्र शिल्लक राहिला, तर ब्रोमेट उलट वाढू शकतं. हा सापळा कंट्रोलरमध्ये लपलेला असतो. ओझोनच्या जुन्या प्लांटमध्ये पाण्यातला शिल्लक ओझोन, समजा ०.३ मिलिग्रॅम, हा सेटपॉइंट, म्हणजे कंट्रोलरने राखायचा आकडा असतो. त्यात पेरॉक्साइड जोडलं की शिल्लक ओझोन खाली येतो, कंट्रोलर घाबरून जनरेटर वाढवतो, आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये ब्रोमेट दुप्पट दिसतं. पेरॉक्साइड जोडायच्या दिवशी तो सेटपॉइंट काढून टाका. ओझोन पाण्याच्या प्रवाहाच्या प्रमाणात चालवा. शिल्लक ओझोनचा मीटर फक्त अलार्मसाठी ठेवा: पेरॉक्साइडनंतरच्या टप्प्याच्या शेवटी ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेला तर वाजला पाहिजे.

याचीच दुसरी बाजू अशी की शिल्लक ओझोन शून्याजवळ असल्याने जंतू मारण्याचं श्रेय या टप्प्याला देता येत नाही. निर्जंतुकीकरण वेगळं करावंच लागतं.

मात्रा: कागद, पेन्सिल आणि एक मापी नळी

समजा चाचणीत लिटरला ३ मिलिग्रॅम ओझोन पुरेसा ठरला. १० घनमीटरला तासाला ३० ग्रॅम पाण्यात उतरला पाहिजे. जनरेटरच्या पाटीवरचा आकडा आणि पाण्यात उतरलेला आकडा एक नसतो. फीड गॅस (जनरेटरमधून पाण्यात जाणारा ओझोनचा वायू) घनमीटरला १०० ग्रॅमचा, प्रवाह तासाला ०.३३ घनमीटर, म्हणजे ३३ ग्रॅम आत गेले. ऑफगॅसमध्ये (न विरघळता वर निघणाऱ्या वायूत) घनमीटरला १० ग्रॅम दिसले तर ३.३ ग्रॅम वर निघून गेले. उरले सुमारे ३०. हे दोन्ही आकडे मोजणारा गॅस मीटर नसेल तर ब्रोमेटच्या नियंत्रणाची भाषा करण्यात अर्थ नाही.

पेरॉक्साइडची रासायनिक गरज ओझोनच्या वजनाच्या ०.३५ पट असते. ती रॅडिकल बनवण्यापुरती. ब्रोमेट आवरायचं तर ०.७ पासून १.४ पटीपर्यंत जावं लागतं. आपण ०.७१ धरू: तासाला २१.३ ग्रॅम, पाण्यात लिटरला साधारण २.१ मिलिग्रॅम. बाजारातल्या ५० टक्के पेरॉक्साइडमध्ये लिटरला सुमारे ६०० ग्रॅम असतं, म्हणजे तासाला जेमतेम ३६ मिलिलिटर. एवढं कमी कुठलाही साधा डोसिंग पंप नीट देत नाही. म्हणून लिटरला ५० ग्रॅमचं द्रावण करा: ५० लिटरच्या एचडीपीई टाकीत ४.२ लिटर पेरॉक्साइड, बाकी आरओचं पाणी. बोअरचं पाणी वापरू नका. त्यातलं लोह आणि मँगनीज पेरॉक्साइडला टाकीतच खाऊन टाकतं. आता मात्रा तासाला ४२६ मिलिलिटर झाली. सक्शनला मापी नळी लावून दहा मिनिटांत ७१ मिलिलिटर जातंय का ते रोज सकाळी पाहा. दर तीन-चार दिवसांनी नवं द्रावण करा, उन्हाळ्यात त्याहून लवकर.

पेरॉक्साइडच्या लाइनमध्ये तांबं, पितळ, साधं लोखंड कुठेही नको. आणि साधा बॉल व्हॉल्व्हही नको. बंद केल्यावर त्याच्या पोकळीत पेरॉक्साइड अडकतं, हळूहळू त्याचा ऑक्सिजन होतो आणि पीव्हीसीचा व्हॉल्व्ह फुटतो. बॉलला छिद्र असलेले व्हेंटेड व्हॉल्व्ह मिळतात, तेच घ्या. ५० टक्क्यांचा कॅन हाताळताना चष्मा, हातमोजे आणि शेजारी वाहत्या पाण्याचा नळ हवाच.

क्रम आणि तुकडे

पेरॉक्साइड आधी, ओझोन नंतर. ओझोनच्या पहिल्या व्हेंचुरीच्या (ओझोन पाण्यात ओढून घेणाऱ्या अरुंद नळीच्या) आधी स्टॅटिक मिक्सर लावून पेरॉक्साइड पूर्ण मिसळलेलं असलं पाहिजे. उलट क्रम केला तर पहिल्या काही सेकंदांत, जिथे ओझोन सगळ्यात तीव्र असतो नेमकं तिथेच, पेरॉक्साइड हजर नसतं. ब्रोमेटचा मोठा भाग तिथेच होतो.

मग ओझोन एकाच जागी ओतू नका. ३ मिलिग्रॅमचे चार तुकडे करा, प्रत्येकी ०.७५. दोन तुकड्यांच्या मध्ये साधारण एक मिनिटाचा अवकाश द्या. १० घनमीटरला एक मिनिट म्हणजे १६७ लिटर. तीन इंची पाइपात हे बसवायला प्रत्येक टप्प्याला पस्तीस मीटर पाइप लागेल, त्यापेक्षा २०० लिटरचे एसएस ३१६ चे उभे चार कॉलम बरे. प्रत्येक कॉलमच्या बाहेर नमुन्याचा नळ ठेवा. चार नळांचा खर्च काहीच नाही, आणि बिघाड कुठल्या टप्प्यात आहे हे त्यांच्याशिवाय कळत नाही.

हा एक मिनिट पुरतो का, हे पीएचवर ठरतं. ओझोनशी भिडतो तो पेरॉक्साइडचा आयन, आणि पीएच एका अंकाने उतरला की तो दहापट कमी होतो. २ मिलिग्रॅम पेरॉक्साइड असताना पीएच ८ ला ओझोन साधारण १० ते १५ सेकंदांत अर्धा होतो. पीएच ७ ला त्यालाच दीड-दोन मिनिटं लागतात.

म्हणूनच 'पीएच उतरवा' हा जो सर्वत्र दिला जाणारा सल्ला आहे, तो फक्त ओझोन वापरणाऱ्यांसाठी आहे. तिथे पीएच एक अंक उतरवला की ब्रोमेट निम्म्याहून कमी होतं. पेरॉक्साइडसोबत तो सल्ला आंधळेपणाने घेतला तर दोघांची गाठच उशिरा पडते आणि ओझोन पुढच्या कॉलमपर्यंत शिल्लक राहतो. शिवाय क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) जास्त असेल तर पीएच उतरवणं महागही पडतं. क्षारता ३०० मिलिग्रॅम असलेलं पाणी पीएच ८ वरून ७ वर आणायला लिटरला सुमारे ५५ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो. १० घनमीटरला तासाला ५५० ग्रॅम झाले. ३० किलोचा सिलिंडर अडीच दिवसही टिकत नाही, आणि त्यातला काही वायू व्हेंचुरीचे बुडबुडे उडवून नेतात तो वेगळाच. पीएच ८.३ च्या वर असेल तर ८ च्या खाली आणा. त्यापलीकडे पैसे पेरॉक्साइडवर आणि जास्तीच्या कॉलमवर घाला.

अमोनियाचाही उपाय सांगितला जातो. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम नायट्रोजन इतका अमोनिया हायपोब्रोमस आम्लाला बांधून ठेवतो. साध्या ओझोनमध्ये तो चालतो. रॅडिकलवर चालणाऱ्या प्लांटमध्ये फायदा कमी, आणि पुढे कार्बनमध्ये नायट्रिफिकेशनची (जीवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करण्याची), क्लोरिन टाकताना मात्रा बिघडण्याची कटकट जास्त. आम्ही तो शेवटी ठेवू.

चाचणी

चालू प्लांटवर किंवा छोट्या प्रायोगिक प्लांटवर ओझोनच्या तीन मात्रा घ्या, १.५, ३ आणि ४.५ मिलिग्रॅम, आणि प्रत्येकीला पेरॉक्साइडचं प्रमाण ०.३५, ०.७ आणि १.४. नऊ नमुने आणि एक कच्चं पाणी. प्रत्येक बदलानंतर सगळ्या कॉलमचा मिळून जो वेळ होतो त्याच्या तिप्पट थांबून मगच बाटली भरा. प्रत्येक नमुन्यात ब्रोमेट मोजाच, पण ज्या प्रदूषकासाठी हा सगळा खटाटोप आहे तेही मोजा. ब्रोमेट शून्य आणि सॉल्व्हंट जसाच्या तसा, असा निकाल काय कामाचा? दोन्ही अटी पुऱ्या होतात तिथली सगळ्यात कमी ओझोनची जोडी निवडा. सुरक्षिततेपोटी ओझोन वर ठेवू नका. इथे वर ठेवणं म्हणजेच धोका.

कच्च्या पाण्यात नायट्राइट असेल तर ते आधी ओझोन खातं: एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजनला ३.४ मिलिग्रॅम ओझोन. मँगनीज असेल तर आधी काढा. जास्त ओझोनने ते परमँगनेट होऊन पाणी गुलाबी होतं आणि पहिला फोन ग्राहकाचा येतो.

नमुना घेण्यात निम्मे रिपोर्ट बिघडतात. बाटलीत ओझोन शिल्लक असेल तर लॅबला पोहोचेपर्यंत ब्रोमेट होतच राहतं. बाटलीत आधीच लिटरला ५० मिलिग्रॅम होईल इतकं एथिलीन डायअमाइन घालून ठेवायला लॅबला सांगा, म्हणजे ते थांबेल. पाण्यात शिल्लक ओझोन मोजायला इंडिगो पद्धत वापरा. क्लोरिन तपासायच्या डीपीडीच्या गोळ्या पेरॉक्साइडला आणि ब्रोमीनलाही रंग देतात, त्यामुळे त्यांचा आकडा इथे फसवतो. पेरॉक्साइडसाठी ०.५ ते २५ मिलिग्रॅमच्या पट्ट्या रोजच्या कामाला पुरतात.

ओझोननंतर जे उरतं

२.१ मिलिग्रॅम पेरॉक्साइडपैकी साधारण एक मिलिग्रॅम उरतं. ते तसंच क्लोरिनकडे गेलं तर प्रत्येक मिलिग्रॅम पेरॉक्साइड २.१ मिलिग्रॅम क्लोरिन खातं आणि ऑपरेटर हायपो (क्लोरिनसाठी घातलं जाणारं सोडियम हायपोक्लोराइट) वाढवत बसतो. सोडियम मेटाबायसल्फाइटने काढता येतं, एक मिलिग्रॅमला २.८ मिलिग्रॅम या हिशेबाने. पण कार्बन फिल्टर दोन कामं एकदम करतो, म्हणून तोच लावावा. मोठे रेणू फोडल्यावर फॉर्माल्डिहाइड, ग्लायऑक्झल आणि छोटी सेंद्रिय आम्लं तयार होतात. जीवाणूंना ही मेजवानीच. ती इथेच खाल्ली गेली नाहीत तर पुढच्या पाइपात आणि टाकीत बुळबुळीत थर धरतो. कार्बनवर जीवाणू मुद्दाम वाढू द्यायचे. १५ मिनिटांच्या संपर्कासाठी २.५ घनमीटर कार्बन लागतो. त्याच्या आधी क्लोरिन नको, आणि बॅकवॉशही बिनक्लोरिनच्या पाण्याने. पेरॉक्साइड फुटून ऑक्सिजन सुटतो, म्हणून व्हेसलच्या डोक्यावर एअर व्हेंट हवा. तो नसेल तर कार्बनमध्ये हवा कोंडून दाब चढतो.

ऑफगॅस मात्र कार्बनमधून कधीही सोडू नका. ऑक्सिजनवर चालणाऱ्या जनरेटरच्या ऑफगॅसने कार्बन पेटू शकतो. मँगनीज डायऑक्साइडचा गरम केलेला, ओझोन फोडणारा डिस्ट्रक्टर लावा, त्याच्या आधी पाणी अडवणारा डिमिस्टर. ओझोन हवेपेक्षा जड आहे, त्यामुळे खोलीतला सेन्सर छताला नाही, जमिनीपासून फूट-दीड फुटावर. अलार्म ०.१ पीपीएमवर. नाकावर विसंबू नका, काही मिनिटांत नाकाला वासाची सवय होते.

रिपोर्ट बिघडला तर कुठे बघायचं

मे-जूनमध्ये ब्रोमेट वाढतं, याला तीन कारणं एकत्र येतात. गरम पाण्यात ही अभिक्रियाच वेगाने होते. ओझोन कमी विरघळतो आणि कूलिंगचं पाणी तापलं की जनरेटरही कमी देतो, म्हणून ऑपरेटर नॉब वर करतो. आणि बोअर उतरल्याने ब्रोमाइडही वाढलेलं असतं. नॉब वर करण्याआधी चिलर बघा, पेरॉक्साइडचं प्रमाण ०.७ वरून १.० करा.

फक्त सोमवारी वाढतं? पेरॉक्साइडच्या पंपाकडे जा. रविवारी बंद असताना सक्शनच्या पारदर्शक नळीत बुडबुडा जमतो. सोमवारी पंप टकटक करत राहतो, दिवा हिरवा असतो, पण डोक्यात वायू अडकल्याने थेंबही पुढे जात नाही. अडकलेला वायू बाहेर सोडणारं डिगॅसिंग हेड बसवा आणि फ्लो स्विच असा जोडा की पेरॉक्साइड वाहिल्याशिवाय ओझोन सुरूच होणार नाही. बंद करताना उलट: आधी ओझोन, दोन मिनिटांनी पेरॉक्साइड. वीज गेल्यावर हाच क्रम राहील याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून नाही, स्वतः मेन स्विच पाडून करा.

चौथ्या कॉलमनंतर ब्रोमेट ४ आणि शेवटच्या नळाला ९, असं दिसलं तर दोष ओझोनचा नसतो. हायपो तपासा. मिठातलं ब्रोमाइड इलेक्ट्रोलिसिसमध्ये ब्रोमेट होऊन हायपोसोबतच येतं, आणि उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये क्लोरेटही वाढत जातं. हायपो सावलीत ठेवा, पंधरा दिवसांपुरतंच मागवा, आणि पुरवठादाराकडून ब्रोमेटचा आकडा लेखी घ्या. कच्च्या पाण्याच्या टाकीत 'जरा शेवाळ नको' म्हणून हायपो टाकायची सवय असेल तर ती मोडा. ओझोन त्या हायपोचंच क्लोरेट करतो.

आणि सगळं करूनही आकडा १० च्या खाली येत नसेल तर त्या पाण्यापुरता ओझोन बंद ठेवून यूव्हीचं कोटेशन मागवा. झालेलं ब्रोमेट काढायला शेवटी आरओ लावणं शक्य आहे, पण आरओ लावायचाच असेल तर तो ओझोनच्या आधी लावा. मागून लावला तर उरलेला ओझोन आणि पेरॉक्साइड मेंब्रेनच खाऊन टाकतात.